ऑस्ट्रेलियातली चाइल्ड केअर सबसिडी : मराठी आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

मेलबर्न-सिडनीतल्या मराठी घरांतून डे केअरच्या फीबद्दल येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे, म्हणजे जुलै ते जूनचे आहेत. उत्पन्नाच्या मर्यादा आणि तासाच्या कमाल दराचे आकडे दर जुलैत बदलतात, तेव्हा पुढच्या वर्षी वाचत असाल तर हिशेबाची रीत घ्या आणि आकडे नवे बघा. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत.

१. चाइल्ड केअर सबसिडी म्हणजे नेमकं काय? पैसे आमच्या खात्यात येतात का?

नाही. केंद्र सरकार तुमच्या फीचा काही भाग थेट डे केअर सेंटरला देतं आणि सेंटर तेवढी रक्कम तुमच्या बिलातून वजा करतं. उरलेली रक्कम तुम्ही भरता, तिला इथे सगळे गॅप फी म्हणतात. २ जुलै २०१८ रोजी आधीच्या दोन योजना, चाइल्ड केअर बेनिफिट आणि चाइल्ड केअर रिबेट, बंद करून ही एकच योजना आणली. बोलण्यात हिला सीसीएस म्हणतात, पुढे तेच वापरू.

पैसा सेंटरकडे जातो, पण उत्पन्नाचा अंदाज, कामाचे तास, लसीकरण, नाव नोंदल्याची पुष्टी हे सगळं तुमच्या नावावर असतं. काही चुकलं तर वसुलीचं पत्र सेंटरला येत नाही, तुम्हाला येतं. 'सेंटरवाले बघतील' असं गृहीत धरू नका.

२. कोणत्या व्हिसावर मिळते? आम्ही ४८२ वर आहोत.

४८२ म्हणजे कंपनीने आणलेल्या कामगारांचा तात्पुरता व्हिसा, त्यावर मिळत नाही. स्वतःच्या खर्चाने आलेल्या ५०० च्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या ४८५ वाल्यांनाही नाही. तुम्ही किंवा तुमचा जोडीदार, दोघांपैकी एक जण ऑस्ट्रेलियन नागरिक, पीआर (कायम रहिवासी) किंवा न्यूझीलंडचा स्पेशल कॅटेगरी व्हिसाधारक हवा. ३०९ आणि ८२० हे पार्टनर व्हिसा तात्पुरते असले तरी चालतात. ऑस्ट्रेलियन सरकारच्या थेट शिष्यवृत्तीवर आलेले विद्यार्थीही पात्र आहेत.

४९१ आणि ४९४ या प्रादेशिक व्हिसांसाठी २०१९ साली कायद्यात वेगळी तरतूद झाली. त्यामुळे 'प्रोव्हिजनल' शब्द पाहून स्वतःच 'आपल्याला नाही' असं ठरवू नका, सेंटरलिंकला (सरकारी लाभ देणाऱ्या यंत्रणेला) विचारून अर्ज करा.

४८२ वर असाल आणि व्हिक्टोरियात राहत असाल तर प्रश्न १५ नक्की वाचा.

३. पीआर कालच मिळाला. दोन-चार वर्षं थांबावं लागतं असं ऐकलं, खरं का?

सीसीएससाठी तसा थांबण्याचा काळ नाही. तो नियम सेंटरलिंकच्या दुसऱ्या काही लाभांना आहे आणि व्हॉट्सअॅपवर सगळ्यांची खिचडी होते. पीआर मंजूर झाला त्या आठवड्यातच अर्ज करा. अर्ज दाखल केल्याच्या तारखेआधीचे जास्तीत जास्त २८ दिवस मागे धरले जातात. त्याआधीची फी पूर्ण तुमची, मग पीआर कितीही आधी मिळालेला असो.

४. मुलाचं वय किती हवं? आणि कोणत्या ठिकाणी चालते?

साधारणपणे मूल १३ वर्षांचं किंवा त्याहून लहान हवं आणि हायस्कुलात जाणारं नको. ठिकाण सरकारमान्य हवं : लाँग डे केअर, फॅमिली डे केअर, शाळेच्या आधीची-नंतरची केअर, सुट्टीतली व्हेकेशन केअर. घरी येऊन मूल सांभाळण्याची इन होम केअर ही फार मर्यादित आणि खास परिस्थितीसाठी आहे, नॅनी ठेवली म्हणून मिळत नाही.

ओळखीच्या मावशी घरी पाच-सहा मुलं सांभाळतात, जेवायला वरणभात देतात, मुलं खूश असतात, सगळं खरं. पण त्या मान्यताप्राप्त फॅमिली डे केअर सेवेत नोंदलेल्या नसतील तर सबसिडी शून्य. रविवारच्या मराठी शाळेचंही तेच.

५. अर्ज कसा करायचा?

मायगव्ह (सरकारी सेवांचं ऑनलाइन) खातं उघडा, त्याला सेंटरलिंक जोडा आणि तिथे चाइल्ड केअर सबसिडीचा दावा भरा. दोघांचे टॅक्स फाइल नंबर, ओळखीची कागदपत्रं, बँक खातं आणि चालू वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज लागतो. सहसा आईबाबांपैकी एकानेच अर्ज करायचा, ज्याच्या नावावर फी आहे त्याने. तुम्हाला आणि मुलाला प्रत्येकी एक सीआरएन (सेंटरलिंकचा ग्राहक क्रमांक) मिळतो. ते दोन्ही क्रमांक आणि अर्जदाराची जन्मतारीख सेंटरला द्या.

आता जिथे निम्मे लोक अडकतात ती पायरी. सेंटर मुलाची नोंद सरकारी प्रणालीत टाकतं आणि ती तुमच्या मायगव्हमध्ये किंवा सेंटरलिंकच्या अॅपमध्ये 'कन्फर्म' करण्यासाठी येते. ते बटण दाबेपर्यंत सबसिडी सुरू होत नाही. सेंटर बदललं की पुन्हा. अर्ज आईच्या नावावर आणि कन्फर्म करायला बाबा आपल्या अॅपमध्ये शोधतोय, असं घरोघरी चालतं. ज्याचा अर्ज, त्याच्याच अॅपमध्ये ते दिसतं.

६. आम्हाला किती टक्के मिळेल?

दोघांचं मिळून वार्षिक उत्पन्न ८५,२७९ डॉलरपर्यंत असेल तर ९० टक्के. त्यापुढे दर ५,००० डॉलरमागे एक टक्का कमी होत जातो आणि ५,३५,२७९ डॉलरला शून्य होतो. म्हणजे १,८५,००० डॉलरच्या घराला साधारण ७० टक्के.

पण हे टक्के तुमच्या फीवर मिळतात असं समजू नका. ते सरकारने ठरवलेल्या तासाच्या कमाल दरावर किंवा तुमच्या प्रत्यक्ष तासाच्या फीवर, दोघांपैकी जे कमी असेल त्यावर मिळतात. शाळेआधीच्या मुलांसाठी सेंटरमधला कमाल दर तासाला १४.६३ डॉलर आहे, शाळेतल्या मुलांसाठी १२.८१ आणि फॅमिली डे केअरला १३.५६.

७. ७० टक्के मंजूर झाले, मग १६० डॉलरच्या दिवसाला ४८ ऐवजी ६२ डॉलर का कापले?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून आकडे मांडून दाखवतो. सेंटर दिवसाला १६० डॉलर घेतं आणि सेशन, म्हणजे ज्या वेळेची फी लावतात ती वेळ, १० तासांचं लावतं. तासाला झाले १६ डॉलर. कमाल दर १४.६३, म्हणून हिशेब त्यावर : १४.६३ गुणिले १० तास, त्याचे ७० टक्के, म्हणजे १०२.४१ डॉलर. यातले ५ टक्के सरकार वर्षाअखेरच्या हिशेबासाठी राखून ठेवतं (प्रश्न १०). सेंटरला जातात ९७.२९. तुमची गॅप फी ६२.७१ डॉलर.

आता तेच सेंटर, तीच १६० डॉलर फी, पण सेशन १२ तासांचं. तासाची फी १३.३३ डॉलर, कमाल दराच्या आत. सबसिडी पूर्ण १६० वर ७० टक्के, म्हणजे ११२ डॉलर. पाच टक्के राखून तुम्ही भरता ५३.६०. दिवसाला नऊ डॉलरचा फरक, आणि तुमचं मूल दोन्हीकडे साडेआठ ते साडेपाचच असतं!

मग सगळ्यांनी १२ तासच घ्यावेत का? नाही. तास मोजून मिळतात, ते पुढच्या प्रश्नात. सेंटर बघायला गेलात की दिवसाची फी विचारून थांबू नका. किती तासांची सेशन्स आहेत आणि प्रत्येकाची फी किती, हे विचारा. बरीच सेंटर्स नऊ, दहा आणि बारा तासांचे पर्याय ठेवतात आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत. बागेतली घसरगुंडी आणि जेवणाचा मेन्यू नंतर बघा.

८. तीन दिवसांची हमी म्हणजे काय? नोकरी नसली तरी सबसिडी मिळते का?

मिळते. ५ जानेवारी २०२६ पासून पात्र कुटुंबाला प्रत्येक मुलामागे पंधरवड्याला किमान ७२ तास सबसिडीचे मिळतात, आईबाबा काम करोत वा न करोत. आधी कामाच्या तासांप्रमाणे ३६, ७२ किंवा १०० तास ठरायचे आणि घरी असलेल्या आईमुळे सगळं अडायचं. ती अडचण बरीचशी गेली.

दोघंही पंधरवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम किंवा त्यासारखं काही करत असाल तर १०० तास मिळतात. यात पगारी नोकरीबरोबर शिक्षण, स्वतःचा व्यवसाय, नोकरी शोधणं, स्वयंसेवा हेही धरतात. बाळंतपणाची रजा, पगारी असो वा बिनपगारी, कामातच मोजली जाते. जोडप्यात दोघांपैकी ज्याचे तास कमी त्यावर ठरतं : बाबा आठवड्याला ४० तास राबतोय आणि आई कोर्स शोधतेय एवढ्यावर १०० मिळत नाहीत, आईचेही तास ४८ च्या वर जायला हवेत.

तास आणि सेशन जुळवून बघा. ७२ तासांत १२ तासांची सहा सेशन्स बसतात, म्हणजे बरोबर आठवड्याला तीन दिवस. १० तासांची सात. १०० तासांत १० तासांचे पंधरवड्याला दहा दिवस, म्हणजे पूर्ण पाच दिवसांचा आठवडा. पण १२ तासांनी पाच दिवस लावलेत तर १२० होतात आणि वरच्या २० तासांची फी पूर्ण तुमची. थोडक्यात, मूल तीन दिवस जात असेल तर लांब सेशन सहसा फायद्याचं, पाच दिवस जात असेल तर दहा तासांचं. न वापरलेले तास पुढच्या पंधरवड्यात जात नाहीत.

९. उत्पन्न म्हणजे हातात येणारा पगार का? पुण्याच्या फ्लॅटचं भाडं धरायचं का?

हातात येणारा पगार नव्हे. करपात्र उत्पन्न घ्यायचं आणि त्यात काही गोष्टी मिळवायच्या. आपल्या लोकांचं चुकतं ते या मिळवायच्या गोष्टींत :

पगारातून सुपरमध्ये (निवृत्तीच्या फंडात) स्वतःहून जास्तीचे टाकलेले पैसे परत मिळवले जातात. इन्व्हेस्टमेंट प्रॉपर्टीचा तोटा करात वजा होतो, इथे तो पुन्हा मिळवला जातो. नोव्हेटेड लीजवरची, म्हणजे कंपनीमार्फत पगारातून हप्ते कापून घेतलेली, इलेक्ट्रिक गाडी तर खास फसवी आहे. तिच्यावर कंपनीला फ्रिंज बेनिफिट टॅक्स (पगाराबाहेरच्या सुविधांवरचा कर) लागत नाही, तरी ती रक्कम तुमच्या वार्षिक पगारपत्रकात रिपोर्टेबल म्हणून येते आणि कुटुंबाच्या उत्पन्नात धरली जाते. गाडी घेतली आणि सबसिडीचे दोन-तीन टक्के गेले, असं होऊ शकतं.

भारतातलं उत्पन्नही धरायचं. पीआर किंवा नागरिक म्हणून इथले कर-रहिवासी असाल तर पुण्याचं भाडं, एफडीचं व्याज हे इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचंच असतं. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त आहे, इथे नाही. जे परदेशी उत्पन्न इथे करपात्र ठरत नाही, तेही या हिशेबात वेगळं सांगावं लागतं. जोडीदार अजून नाशिकला नोकरी करत असेल तर त्याचा पगारही मोजला जातो, लग्न मोडलेलं नाही तोवर तुम्ही जोडपंच आहात.

१०. ते पाच टक्के राखून ठेवतात, ते परत मिळतात का?

वर्ष संपल्यावर दोघांचे टॅक्स रिटर्न भरले गेले की सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया (सेंटरलिंक चालवणारं खातं) तुमचा अंदाज आणि खरं उत्पन्न ताडून बघते. अंदाज बरोबर असेल तर राखलेले पैसे तुमच्या खात्यात येतात. या योजनेतले तुमच्या हातात पडणारे बहुधा एवढेच पैसे. राखण्याचं प्रमाण बदलता येतं. बोनस किंवा ओव्हरटाइमचा भरवसा नसेल तर वाढवून घ्या, कमी करायचा मोह टाळा.

११. बोनस मिळाला आणि उत्पन्न वाढलं. किती परत द्यावं लागेल?

समजा जुलैत अंदाज दिला १,५०,००० डॉलर. त्यावर साधारण ७७ टक्के. वर्षाअखेर निघालं १,८५,०००, म्हणजे खरा दर ७०. मूल आठवड्याला तीन दिवस, वर्षाला ५० आठवडे, रोज १० तास, कमाल दराने मोजता येणारी फी २१,९४५ डॉलर. सात टक्क्यांचा फरक म्हणजे १,५३६ डॉलर जास्त घेतले गेले. राखलेले पाच टक्के ८४५ च्या आसपास होते. ते वजा करून ६९० डॉलर देणं निघतं.

ते तुमच्या पुढच्या सबसिडीतून किंवा टॅक्स रिफंडमधून वळतं करून घेतात. पगारवाढीचं पत्र हातात पडलं की त्याच दिवशी अॅपमध्ये अंदाज बदला. अंदाज थोडा जास्त सांगितलात तर नुकसान नाही, जास्तीचं वर्षाअखेर परत येतं.

१२. टॅक्स रिटर्न उशिरा भरलं तर?

आर्थिक वर्ष संपल्यावर पुढच्या ३० जूनपर्यंत दोघांचे रिटर्न जायला हवेत. गेले नाहीत तर चालू सबसिडी बंद होऊ शकते. दोन वर्षं उलटली तर त्या वर्षी मिळालेली सगळी सबसिडी परत मागितली जाऊ शकते. ज्याला रिटर्न भरायची गरजच नाही, उदाहरणार्थ घरी असलेली आई, तिनेही 'मला भरायचं नाही' हे सेंटरलिंकला कळवायचं असतं. हे लक्षातच येत नाही, आणि मग चालू सबसिडी एका आठवड्यात अचानक थांबते.

१३. दुसऱ्या मुलाला जास्त मिळते असं कळलं.

७ मार्च २०२२ पासून. घरात पाच वर्षांची किंवा त्याहून लहान अशी दोन किंवा जास्त मुलं केअरमध्ये असतील तर त्यांतल्या सर्वांत मोठ्याला नेहमीचा दर आणि बाकीच्यांना उत्पन्नाप्रमाणे वाढीव दर, पण ९५ टक्क्यांच्या वर नाही. म्हणजे ७० टक्क्यांच्या घरात धाकट्याला साधारण ८१ टक्के. जुळी असतील तर एकाला साधा आणि दुसऱ्याला वाढीव. कुटुंबाचं उत्पन्न साधारण ३ लाख ६७ हजार डॉलरच्या आत हवं.

सात वर्षांची ताई आफ्टर स्कूल केअरला जाते म्हणून धाकट्याला वाढीव दर मिळत नाही. पाच वर्षांची किंवा त्याहून लहान दोन हवीत. थोरला सहा वर्षांचा झाला की वाढीव दर संपतो, त्या वाढदिवसाच्या महिन्यात बजेट आधीच बघून ठेवा.

१४. लसीकरण भारतात झालंय. इथे चालतं का?

लसी चालतात, पण कागद नुसता दाखवून चालत नाही. त्या ऑस्ट्रेलियन इम्युनायझेशन रजिस्टरमध्ये चढायला हव्यात. जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) कार्ड घेऊन जा, तिथली नर्स तारखा नोंदवते. सरकारी दवाखान्यातलं माता-बाल कार्ड मराठीत असतं, त्याचं भाषांतर लागेल. नव्या पीआरधारकांना ठरावीक मुदतीत गृह खात्याकडून मोफत भाषांतर मिळतं.

दोन्हीकडची वेळापत्रकं सारखी नाहीत. बीसीजी इथे सगळ्यांना देत नाहीत, तर इथे लागणाऱ्या काही लसी, विशेषतः मेनिंगोकोकल, भारतात अनेकांनी घेतलेल्या नसतात. राहिलेल्या लसींचा कॅच-अप सुरू केला की मुदत मिळते. कार्ड हरवलं असेल तर भारतातल्या डॉक्टरांकडून तारखांसह लेखी घ्या. 'आमचा विश्वास नाही' हे कारण १ जानेवारी २०१६ पासून चालत नाही, वैद्यकीय कारणाने सूट मिळते.

१५. फ्री किंडर आणि सीसीएस एकच का?

नाही. सीसीएस केंद्राची, किंडर (शाळेआधीचा बालवर्ग) राज्याचं. व्हिक्टोरियात २०२३ पासून तीन आणि चार वर्षांच्या मुलांचं किंडर मोफत आहे. नुसत्या किंडरमध्ये ठरावीक तासांची फी लागत नाही. लाँग डे केअरमधलं किंडर असेल तर बिलातून वर्षाला दोन हजार डॉलरच्या आसपास सूट मिळते, आणि ती सीसीएसबरोबर मिळते.

४८२ आणि विद्यार्थी व्हिसावाल्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे फ्री किंडरला नागरिकत्वाची किंवा पीआरची अट नाही. सबसिडीविना पूर्ण फी भरणाऱ्या घरांना हाच सर्वांत मोठा दिलासा. बाकी राज्यांची रीत वेगवेगळी, आपापल्या राज्याच्या शिक्षण खात्याकडे बघा.

१६. मूल आजारी पडलं तर त्या दिवसाची सबसिडी मिळते का?

सेंटर फी लावतंच, मूल येवो न येवो. सबसिडी वर्षाला प्रत्येक मुलामागे ४२ गैरहजर दिवसांवर मिळते, कारण विचारत नाहीत. सार्वजनिक सुट्टीला फी लावली असेल तर तोही दिवस ४२ मध्ये मोजला जातो. ४२ संपले की आजारपणासारख्या ठरावीक कारणांसाठी जास्तीचे दिवस मिळतात, पण डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. डे केअरच्या पहिल्या हिवाळ्यात मूल दर पंधरा दिवसांनी सर्दी-तापाने घरी असतं, तेव्हा प्रमाणपत्रं पहिल्यापासून जपून ठेवा.

१७. दिवाळीला दोन महिने भारतात जाणार आहोत. जागा कशी टिकवायची?

परदेशात असताना सबसिडी जास्तीत जास्त सहा आठवडे चालू राहते. तीन दिवसांच्या मुलाचे सहा आठवड्यांत १८ दिवस, ते ४२ मधून जातात. उरलेल्या दोन आठवड्यांची फी जागा राखायची असेल तर पूर्ण भरावी लागेल. १६० च्या हिशेबाने सहा दिवसांचे ९६० डॉलर.

पर्याय दोन. एक, सेंटरशी बोलून त्या आठवड्यांसाठी दिवस कमी करून घ्या. काही ठिकाणी सुट्टीची सवलत असते. दोन, नाव काढून परतल्यावर पुन्हा लावा, पण बाळांच्या खोलीत प्रतीक्षायादी लांब असते, ती जोखीम तुमची. माझ्या मते जागा चांगली असेल तर ते ९६० डॉलर भरावेत.

१८. मुलाला सहा महिने आजीकडे सांगलीला ठेवायचं ठरतंय. सीसीएसचं काय होईल?

मूल बाहेर असलं तरी सहा आठवड्यांचाच नियम. सलग १४ आठवडे मूल आलं नाही की सेंटरमधली नोंद आपोआप संपते, आणि २६ आठवडे झाले की तुमचा दावाच बंद होतो, परत आल्यावर नव्याने अर्ज करावा लागतो. सहा महिने म्हणजे जवळजवळ २६ आठवडे. परतीचं तिकीट काढताना हे दिवस मोजा.

१९. सेंटर सोडताना शेवटच्या दोन आठवड्यांची पूर्ण फी लावली. हे बरोबर आहे का?

बहुधा बरोबर आहे. मूल प्रत्यक्ष हजर राहिलेल्या शेवटच्या दिवसानंतरच्या गैरहजेरीवर साधारणपणे सबसिडी मिळत नाही. नोटीस देऊन मूल घरी ठेवलंत तर तो सगळा काळ पूर्ण फीचा होतो. म्हणून नोटिशीच्या शेवटच्या दिवशी मुलाला स्वतः घेऊन जा, अर्धा दिवस का होईना. सुरुवातीलाही तसंच आहे : पहिला दिवस प्रत्यक्ष हजेरीचा हवा.

२०. आजी-आजोबा व्हिजिटर व्हिसावर आलेत आणि बाळ सांभाळतात. त्यांच्यासाठी काही मिळतं का?

काही नाही. ग्रँडपॅरंट नावाची वाढीव सबसिडी आहे, पण ती आईबाबांच्या जागी नातवंडं वाढवणाऱ्या आणि सेंटरलिंकचा आधार-भत्ता घेणाऱ्या आजी-आजोबांसाठी. त्यांच्या येण्याने तुमची सबसिडी कमीही होत नाही. मूल डे केअरला जात असेल तर ते येतात म्हणून दिवस एकदम काढून टाकू नका. तीन महिन्यांनी ते परत जातात, जागा परत येत नाही.

२१. नोकरी गेली. फी झेपत नाही.

दोन गोष्टी लगेच करा. उत्पन्नाचा अंदाज खाली आणा, म्हणजे टक्के वाढतील. आणि 'तात्पुरती आर्थिक अडचण' या कारणाखाली वाढीव सबसिडीसाठी सेंटरलिंककडे अर्ज करा. ती साधारण १३ आठवड्यांपर्यंत मिळते आणि कमाल दराच्या १२० टक्क्यांपर्यंत पूर्ण फी उचलू शकते. नोकरी शोधणं हेही कामात धरतात, प्रश्न ८ पाहा. संकोच करून क्रेडिट कार्डावर फी भरत राहण्यात काही अर्थ नाही.

२२. मी स्वतः एज्युकेटर आहे. माझ्याच सेंटरमध्ये माझं मूल असेल तर?

सेंटरमध्ये नोकरी करत असाल तर सबसिडी मिळते. शिवाय जुलै २०२३ पासून सेंटर कर्मचाऱ्यांना फीत सवलत देऊ शकतं आणि त्यामुळे सबसिडी घटत नाही. फॅमिली डे केअर घरी चालवत असाल तर मात्र स्वतःच्या मुलाची सबसिडी स्वतःच्या सेवेत घेता येत नाही, आणि तुम्ही काम करता त्या दिवशी त्याला दुसऱ्या फॅमिली डे केअरमध्ये ठेवूनही सहसा मिळत नाही.

२३. 'गॅप फी देऊ नका, फक्त सह्या करा' असं एका बाईंनी सांगितलं. करावं का?

करू नका. गॅप फी भरणं कायद्याने बंधनकारक आहे आणि जुलै २०२३ पासून ती बँकेतून किंवा कार्डानेच घ्यायची असते, रोख नव्हे. मूल नसलेल्या तासांच्या हजेरीवर सही म्हणजे सरकारला खोटी माहिती देणं. पंधरवड्याला येणारं फी-पत्रक उघडून बघा : सेशनच्या सुरुवातीची-शेवटची वेळ, लावलेली फी, मिळालेली सबसिडी, तुम्ही भरलेली रक्कम. मूल ज्या दिवशी घरी होतं त्या दिवशी 'हजर' दिसलं तर आधी सेंटरला लेखी विचारा, उत्तर मिळालं नाही तर शिक्षण खात्याच्या टिप-ऑफ लाइनला कळवा.

२४. आम्ही वेगळे राहतो, मूल दोघांकडे असतं. सबसिडी कोणाला?

दोघांनाही, आपापल्या दिवसांपुरती. दोघांनी वेगळे अर्ज करायचे, सेंटरशी वेगळे करार करायचे, आणि प्रत्येकाचा टक्का आपापल्या उत्पन्नावर ठरतो. मूल कोणाकडे किती रात्री असतं हे दोघांनी सारखंच सांगा. आकडे जुळले नाहीत तर सेंटरलिंक पुरावा मागते.

२५. अर्ज अजून 'प्रोसेसिंग'मध्ये आहे, सेंटर पूर्ण फी मागतंय.

तोवर पूर्ण फी भरावी लागते, किंवा सेंटर समजूतदार असेल तर थांबतं. मंजुरी आली की मागचे पैसे सेंटरला जातात आणि ते तुमच्या पुढच्या बिलातून वळते होतात. मागितलेली कागदपत्रं २८ दिवसांत चढवा, नाहीतर अर्ज फेटाळला जातो आणि मागची तारीखही हातची जाते. सर्वांत जास्त अर्ज जोडीदाराचा टॅक्स फाइल नंबर न दिल्याने आणि प्रश्न ५ मधलं कन्फर्म बटण न दाबल्याने अडकतात. फोनवर तासभर थांबण्याआधी ते दोन्ही तपासा.